नेपाळचा शांतता आराखडा आणि ३५ दिवसांची मुदत

नमस्कार मंडळी. आज विषय आहे एक सरकारी आराखडा. थांबा, लगेच पुढे ढकलू नका!

३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १३२५ एकमतानं मंजूर केला. म्हणणं साधं होतं: युद्धाची झळ बायकांना बसते, तर शांतता ठरवतानाही त्या हव्यात. मग एकेक सरकार त्यासाठी 'राष्ट्रीय कृती आराखडा' करू लागलं. पहिला डेन्मार्कनं केला, २००५ मध्ये. दक्षिण आशियात पहिला नंबर नेपाळचा, २०११. (आपला? भारतानं असा आराखडा केलेलाच नाही. पण २००७ मध्ये लायबेरियात शांतिसेनेसाठी सीआरपीएफच्या महिलांची अख्खी तुकडी पाठवली होती, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली अशी पहिलीच.)

तर नेपाळ. १९९६ ते २००६, दहा वर्षं माओवादी आणि सरकार यांच्यात युद्ध. युद्ध संपल्यावर माओवाद्यांच्या लढवय्यांची पडताळणी झाली. १९,६०२ जण अधिकृत लढवय्ये म्हणून पात्र ठरले, त्यात ३,८४६ बायका. म्हणजे साधारण पाचातली एक. आणि नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारावर सह्या कुणाच्या? तेव्हाचे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड. बंदूक उचलायला बाई चालली, सहीच्या वेळी मात्र नाही.

२०११ चा आराखडा हीच चूक सुधारायला निघाला होता. बायकांचा सहभाग, संरक्षण, मदत आणि पुनर्वसन, सगळं त्यात होतं. स्थानिक शांतता समित्यांमध्ये एक तृतीयांश बायका हव्यात, असाही नियम होता. कागद म्हणून चांगलाच म्हणायचा.

आता त्याच सरकारच्या मदतीच्या यादीकडे या. युद्धात कुणी मारलं गेलं, त्याच्या घरच्यांना मदत. कुणी बेपत्ता झालं, कुणाला अपंगत्व आलं, कुणाला गाव सोडावं लागलं, त्यांनाही. आणि जिच्यावर बलात्कार झाला ती? तिच्यासाठी यादीत रकानाच नव्हता. आराखड्यात 'संरक्षण' हा शब्द आहे, पण खिडकीवर गेलं तर भरायला फॉर्म नाही.

बरं, मग पोलिसांत जायचं? तेव्हाच्या कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करावी लागे. जरा डोळ्यांसमोर आणा. गावातली पोलीस चौकी उठून गेलेली, रात्री माओवादी येणार, दिवसा लष्कर. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो वर्दीतला असू शकतो, नाहीतर गावावर ज्याचा धाक आहे तोच. छत्तिसाव्या दिवशी कायद्यानं दार लावून घेतलं. २०१५ मध्ये ही मुदत १८० दिवस झाली, पण जुन्या पीडितांना त्याचा काय उपयोग?

म्हणून असा कुठलाही आराखडा आला, की मी प्रस्तावना वाचत बसत नाही. मदत कुणाला मिळणार, ती व्याख्या आधी शोधते. आपल्याकडे कधी केला तर तिथूनच सुरुवात व्हावी, असं माझं मत.

नेपाळचा दुसरा आराखडा यायला २०२२ उजाडलं. त्यात लैंगिक हिंसाचार सोसलेल्या बायकांवर खास भर आहे. मग ऑगस्ट २०२४ मध्ये संक्रमणकालीन न्यायाचा, म्हणजे युद्धकाळातल्या अत्याचारांचा निवाडा करण्याचा कायदा बदलला आणि युद्धातला बलात्कार माफी न मिळणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत धरला गेला. २००१ मध्ये सोळा वर्षांची असलेली मुलगी तोवर एकोणचाळीस वर्षांची झाली होती.