छपरावरचे अवकाशकण

श्रोतेहो, नमस्कार.

छपराची पन्हळ साफ करताना निघणारा काळा गाळ आपण सरळ फेकून देतो. त्या गाळात अवकाशातून आलेले कण असू शकतात. हो, त्याच गाळात! आकार साधारण पाव-अर्धा मिलिमीटर. त्यांना सूक्ष्म-उल्का म्हणतात.

नॉर्वेचे जॉन लार्सन हे जॅझ गिटारवादक. 2009 मध्ये ते घराबाहेर न्याहारीला बसले होते. टेबल नुकतंच पुसलेलं, आणि त्यावर एक काळा, चकाकणारा ठिपका! हा आला कुठून? वरून? लार्सन यांना दुसरं काही सुचेना. तज्ज्ञ म्हणत, असे कण शोधायचे ते अंटार्क्टिकाच्या बर्फात, नाहीतर खोल समुद्राच्या तळाशी. शहरात वेल्डिंगच्या ठिणग्या, फटाके, कारखाने यांतून तसेच गोळे पडतात, त्यात खरा कण ओळखणार कसा? लार्सन यांनी उलटी वाट धरली. जे अवकाशातले नाहीत, ते आधी ओळखायला शिकले. वर्षानुवर्षं गाळ धुतला, चुंबक फिरवलं, सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण पाहिला. हा धीर रियाजातून येतो, असं माझं ठाम मत आहे. मुलांना एखादं वाद्य शिकवाच, अगदी परीक्षेच्या वर्षीसुद्धा! असो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज आधी साशंक होते, पण कण पाहून त्यांची खात्री पटली. 2017 मध्ये गेंज, लार्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. ऑस्लो, पॅरिससारख्या शहरांतल्या छपरांवरचा सुमारे 300 किलो गाळ, आणि त्यात 500 सूक्ष्म-उल्का!

आता आकारांचं. कण सेकंदाला 11 किलोमीटरहून जास्त वेगानं वातावरणात शिरतो, तापतो, वितळतो. वितळलेला थेंब पृष्ठताणानं गोल होतो आणि काही सेकंदांतच थिजतो. कुठे ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक समांतर पट्ट्यांत वाढतात, कुठे नुसती काच उरते. सगळ्यात देखणा प्रकार धातूच्या मण्याचा. हवा कणाला रोखते, पण आतला लोह-निकेलचा जड थेंब ब्रेक लागलेल्या गाडीतल्या प्रवाशासारखा पुढे झेपावतो. म्हणून कणाच्या टोकाला चकचकीत मणी दिसतो. कधी मणी निसटतो आणि तिथे खळगा राहतो.

शोधणार असाल तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, म्हणजे कण सहज सुटतील. पण चुंबकाला चिकटला म्हणजे अवकाशातला, असं नाही. पुन्हा सांगतो, असं नाही! बहुतेक ठिणग्यांचेच निघतात. पट्ट्या किंवा मणी दिसला, तर तो कण वेगळा ठेवा. खात्री मात्र प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी झाल्यावरच.