हकलबरी फिनमधला उपरोध नेमका चालतो कसा?

[कॅमेऱ्याकडे पाहून]

नमस्कार. मिसिसिपी नदीवरून एक तराफा चाललाय. तराफ्यावर दोघंच. जिम हा पळून आलेला गुलाम आणि हक हा तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा. जिम मनातलं बोलतो : गुलामगिरी नसलेल्या राज्यात पोचलो की एक सेंटही उडवणार नाही. आधी बायकोला विकत घेईन. मग दोघं राबून दोन्ही मुलांना सोडवू. मालक विकायला तयार नसेल तर कुणाला तरी गाठून मुलं पळवून आणू.

हे ऐकून हक हादरतो. त्याला जिमची दया येत नाही, उलट जिम हाताबाहेर गेलाय असं वाटतं. कारण ती मुलं ज्या माणसाच्या मालकीची आहेत, त्याने हकचं कधीच काही वाकडं केलेलं नाही!

बापाने आपलीच मुलं परत आणायची, तर ती चोरी. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणातला हा परिच्छेद आहे. आज आपण उपरोधाची ही यंत्रणा उघडून बघणार आहोत.

[स्क्रीनवर : १८७६ – लेखनाला सुरुवात. डिसेंबर १८८४ – ब्रिटन आणि कॅनडात प्रकाशन. फेब्रुवारी १८८५ – अमेरिका]

ट्वेन स्वतः कुठेही ‘गुलामगिरी वाईट’ असं म्हणत नाही. सगळी गोष्ट हक सांगतो आणि गावाने शिकवलेलं सगळं हकला खरं वाटतं. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या : काय घडलं, हकला त्याबद्दल काय वाटलं आणि वाचणाऱ्याला काय दिसलं. उपरोध असतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या फटीत. हकला जर कळलं असतं की आपण बरोबर आहोत, तर ती फटच बुजली असती आणि हातात उरलं असतं एक भाषण.

ट्वेनने हा आंधळेपणा जवळून पाहिला होता. तो मिझुरीत, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढला. शाळकरी वयात आपल्याला गुलामगिरीत काही गैर वाटत नव्हतं आणि चर्चमध्येही ती देवाला मान्य आहे असंच शिकवत, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. जानेवारी १८९६ मध्ये तो व्याख्यानांसाठी मुंबईत आला. तिथे हॉटेलात एका धिप्पाड जर्मनाने नोकराच्या जबड्यावर फटका मारला आणि नोकराने तो निमूट सोसला. ते पाहून ट्वेनला थेट लहानपण आठवलं : वडिलांचं गुलाम पोराला मारणं, आणि एका माणसाने किरकोळ चुकीसाठी गुलामाला लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारलेला. तो गुलाम तासाभरात मेला. प्रवासवर्णनात ही दोन्ही दृश्यं त्याने शेजारी शेजारी ठेवली आहेत.

आता एक प्रश्न बरेच जण विचारतात. नदीच्या पलीकडे इलिनॉय, तिथे गुलामगिरी नाही, मग हे दोघं सरळ पलीकडे का जात नाहीत? कारण तिथेही कागदपत्रं नसलेल्या काळ्या माणसाला पकडून परत पाठवत आणि जिमवर ३०० डॉलरचं बक्षीस लागलेलं होतं. म्हणून बेत असा की ओहायो नदी मिसिसिपीला मिळते त्या कैरो गावापर्यंत जायचं, तराफा विकायचा आणि बोटीने ओहायो नदीतून वर, उत्तरेला. पण धुक्यात कैरो मागे पडतं. सकाळी काठाकडे ओहायोचं स्वच्छ पाणी आणि पलीकडे नेहमीचं गढूळ पाणी दिसतं, तेव्हा हकला ते कळतं. तिथून पुढचा प्रत्येक मैल जिमला गुलामगिरीच्या आणखी आत नेतो. प्रवासाचा हा भूगोल डोक्यात नसेल तर अर्धी कादंबरी नुसती सहल वाटते.

पुन्हा सोळाव्या प्रकरणाकडे. हक जिमला पकडून द्यायला निघतो. वाटेत पळालेल्या गुलामांना शोधणारे दोन बंदूकधारी भेटतात. ऐन वेळी त्याच्या तोंडून निघतं की तराफ्यावरचा माणूस गोरा आहे. मग तो अशी काही टाळाटाळ करतो की त्यांना वाटतं, तराफ्यावर देवी आलेला रुग्ण आहे. ते लांब पळतात, पण जाताना एका फळीवर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवतात. इथे जरा थांबा. ही माणसं दुष्ट नाहीत. आजारी कुटुंबाला सोडून जाताना त्यांना अपराधी वाटतं. माणसाची शिकार करताना मात्र काहीच वाटत नाही.

[स्क्रीनवर : ४० डॉलर]

हा आकडा लक्षात ठेवा. एकतिसाव्या प्रकरणात ‘राजा’ म्हणवणारा भामटा जिमला विकतो, ४० डॉलरला. आणि शेवटच्या प्रकरणात हकचा मित्र टॉम सॉयर जिमला कैदी म्हणून धीराने राहिल्याबद्दल पैसे देतो, तेही ४० डॉलर. सुरुवातीला जिमची मालकीण मिस वॉटसन हिला याच जिमचे ८०० डॉलर मिळणार होते, म्हणून तर तो पळाला.

एकतिसाव्या प्रकरणात सगळ्यात जास्त चुकीचं वाचन होतं. हक मिस वॉटसनला पत्र लिहितो, जिम कुठे आहे ते कळवतो आणि लिहून झाल्यावर त्याला पापमुक्त झाल्यासारखं वाटतं. मग त्याला तराफ्यावरचे दिवस आठवतात, जिमने हकच्या वाटणीचा पहारा केलेला आठवतो, आणि तो पत्र फाडतो : ठीक आहे, जाईन मग नरकात.

‘हकची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली’ असं याचं वर्णन करतात. ते नेमकं उलटं आहे. त्याची विवेकबुद्धी जागीच आहे, आणि तीच सांगतेय की जिमला परत दे. तो तिचं ऐकत नाही. ट्वेनने १८९५ मध्ये टिपणवहीत हेच लिहिलं : निकोप हृदय आणि विकृत केलेली विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि विवेकबुद्धी हरते. शेवटच्या पानापर्यंत हकला गुलामगिरी चूक आहे असं पटत नाही. तो फक्त एका माणसाला सोडू शकत नाही. एखाद्या संक्षिप्त आवृत्तीत हकला शहाणा सुधारक केला असेल, तर ती बाजूला ठेवा.

बाकीचे नमुने भराभर घेऊ. सहावं प्रकरण : हकचा दारुडा, निरक्षर बाप ओहायोच्या एका काळ्या प्राध्यापकाला मतदानाचा हक्क आहे म्हणून सरकारला शिव्या घालतो आणि त्या भरात खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पिंपावर धडपडतो. अठरावं : पिढीजात वैर असलेली दोन घराणी चर्चमध्ये बंधुप्रेमाचं प्रवचन ऐकतात, बंदुका गुडघ्यांत धरून. बत्तिसावं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात कठोर. बोटीवर स्फोट झाला अशी थाप हक मारतो. टॉमची सॅली मावशी विचारते, कुणाला लागलं का? नाही, एक काळा मेला. बरं झालं, कधी कधी माणसांना लागतं. हे बोलणारी बाई प्रेमळ आहे, आणि म्हणूनच हा संवाद इतका लागतो.

इथून पुढची प्रकरणं कादंबरीची दुखरी जागा आहेत. विकला गेलेला जिम सॅली मावशीकडेच एका झोपडीत साखळीने बांधलेला आहे आणि हक आणि टॉम त्याला सोडवायला निघतात. पलंगाचा पाय उचलला तर साखळी सुटते, तरी टॉम भुयार खणायला लावतो, भाजलेल्या ‘पाय’ (pie) या पदार्थातून दोरीची शिडी आत पाठवतो, झोपडीत उंदीर आणि साप सोडतो. शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलं. टॉमला हे आधीपासून माहीत होतं.

स्वतंत्र माणसाला कैदेत ठेवून ‘सोडवण्याचा’ खेळ. आता तारखा बघा. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. ती संपवल्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पण १८७७ मध्ये दक्षिणेतलं उरलंसुरलं केंद्राचं सैन्य काढून घेतलं गेलं आणि १८८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द ठरवला. कागदावर मुक्त, प्रत्यक्षात बेडीत. हा शेवट म्हणजे त्या फसवणुकीवरचा हल्ला आहे, असं अनेक अभ्यासक मानतात आणि ते वाचन भक्कम आहे.

तरीही खटकतंच. तेविसाव्या प्रकरणात जिम रडत सांगतो की ऐकत नाही म्हणून लेकीला मारलं आणि नंतर कळलं, तापाने तिला बहिरेपण आलंय. तोच माणूस इथे दोन पोरांचं खेळणं होतो आणि हसू त्याच्याच जिवावर उभं राहतं. कादंबरीत काळ्यांसाठीची शिवी दोनशेहून जास्त वेळा येते, आणि वर्गात एकट्या बसलेल्या काळ्या मुलाला ती कशी ऐकू येत असेल, हा आक्षेप मला रास्त वाटतो. १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या ग्रंथालयाने पुस्तक काढून टाकलं, ते मात्र भाषा आणि वागणं गावंढळ आहे म्हणून.

मूळ इंग्रजीत वाचणार असाल तर बोलीभाषेमुळे पहिली काही पानं अडखळायला होईल. मोठ्याने वाचा, शब्द कानाला लवकर कळतात. आधी ६, १६, २३, ३१ आणि ३२ ही पाच प्रकरणं घ्या, नंतर पहिल्यापासून सलग. हातात पेन्सिल ठेवा आणि हक स्वतःला वाईट किंवा दुसऱ्याला भला म्हणतो, त्या प्रत्येक ओळीखाली रेघ मारा.