स्वित्झर्लंडला मुलांना घेऊन जायचंय? आधी शाळेचं कॅलेंडर काढा

नमस्कार मंडळी! "पुढच्या मे महिन्यात स्वित्झर्लंड करायचं का?" हा विषय नाशिकच्या घरांत साधारण दिवाळीच्या फराळाबरोबर निघतो. मग कुणीतरी फोनवर 'दहा दिवसांत सात देश'वालं पॅकेज दाखवतं आणि गाडी थेट पैशांवर येते. माझं म्हणणं, पैशांच्या आधी तारखा बघा. आल्प्सचा हिरवा सीझन आणि आपल्या मुलांच्या सुट्ट्या एकमेकांना जेमतेम शिवतात.

(स्क्रीनवर: मे-जूनचं कॅलेंडर)

हे बघा. ईस्टरच्या आसपास तिथला स्कीचा सीझन आटोपतो आणि बऱ्याच केबल कार देखभालीसाठी आठवडेच्या आठवडे बंद असतात. मेच्या सुरुवातीला गेलात तर खाली दरी हिरवीगार, पण वरच्या पायवाटांवर अजून बर्फ. सगळं नीट सुरू होतं जूनच्या मध्यावर, आणि तेव्हा आपल्याकडे शाळेची घंटा वाजते. दिवाळीची सुट्टी धराल तर तोवर उन्हाळी सीझन संपलेला. मग उरतं काय? मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा. एवढीच फट आहे, तिकिटं त्यातच बसवा.

आता कुणी म्हणेल, हिरवळच बघायची तर जुलैत त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आहे की! आहेच. पण तिथे आजींना वर नेणार कसं? आल्प्समध्ये ट्रेन आणि केबल कार सगळ्या घराला वर नेऊन सोडतात, आणि माझ्या मते एवढा खर्च करायचा तो त्यासाठीच.

व्हिसाचं पटकन सांगतो. स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या 15 दिवसांवर ढकलू नका, मे-जूनच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काही नाही. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. पासपोर्ट नाशिकमध्ये होतो, पण बोटांचे ठसे द्यायला मुंबईसारख्या व्हिसा केंद्र असलेल्या शहरात जावं लागतं. मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर अपॉइंटमेंट दुपारची घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच बुक करा.

आता मुक्काम. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर रोज बॅगा भरणं म्हणजे शिक्षा. एकच दरी पकडा. माझी पसंती बर्नच्या बाजूची लाउटरब्रुनेन दरी, इंटरलाकेनहून ट्रेनने जेमतेम वीस मिनिटं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि गावाच्या डोक्यावरून जवळजवळ 300 मीटर खाली येणारा श्टाउबबाख धबधबा. मेअखेर बर्फ वितळत असतो, त्यामुळे धबधबे भरात असतात. कड्यावरचं म्युरन गाव 1,638 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त आठ मीटर खाली! फरक इतकाच, की इथे लोखंडी शिड्या चढायच्या नाहीत. गावात गाड्यांना बंदी, त्यामुळे पोरं रस्त्यावर मोकळी सोडता येतात.

'स्विस ट्रॅव्हल पास', म्हणजे तिथल्या ट्रेन-बसचा पर्यटकांसाठीचा पास, काढलात तर म्युरनपर्यंत वेगळं तिकीट लागत नाही. त्याबरोबर मुलांसाठी फॅमिली कार्ड मोफत मिळतं, ते मागून घ्या. सोळा वर्षांखालची मुलं त्यावर फुकट फिरतात, पण आई किंवा बाबा बरोबर हवेत. नुसत्या आजी-आजोबांसोबत ते चालत नाही.

सगळ्यांना युंगफ्राउयोख या उंच, बर्फाळ खिंडीत जायचं असतं. 3,454 मीटर, 1912 पासून ट्रेन थेट वर जाते. तिकीट महाग आहे, इंटरलाकेनहून सवलतीशिवाय माणशी दोनशे फ्रँकच्या वर, आणि पास असला तरी वरच्या टप्प्यात फक्त सवलत मिळते. म्हणून घरूनच ठरावीक तारखेचं तिकीट काढून ठेवू नका. सकाळी उठल्यावर तिथला लाइव्ह कॅमेरा बघा. पडद्यावर पांढरं धुकं दिसलं तर वर जाऊनही तेच दिसणार. आणि इतक्या उंचीवर दोन तासांत पोचतो आपण, हवा विरळ असते. घरात कुणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, बाळ अगदी तान्हं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाऊस लागला तर ट्र्युमेलबाख. डोंगराच्या पोटात दहा धबधबे, हिमनद्यांचं पाणी सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत कोसळतं. समोरच्याचा आवाज ऐकू येत नाही, कानात नुसता गडगडाट. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र आत सोडत नाहीत.

जेवण! घर स्वयंपाकघरासकट घ्या, पैसे तिथेच वाचतात. (बॅग कॅमेऱ्यासमोर उघडून) ही बघा आमची खाऊची बॅग. चिवडा, भडंग, मेतकूट, तांदूळ, मुगाची डाळ. तुपाची बरणी, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर सीलबंद डब्यात चालते. दूध-दही तिथेच घ्या, उत्तम मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी भरून ठेवा.

एक गोष्ट जरा कडक आवाजात सांगतो. ती हिरवी कुरणं बाग नाहीत. ते गवत शेतकरी कापून, वाळवून हिवाळ्यासाठी साठवतो, गाईंचा चारा असतो तो. पिंपळगावला कुणी तुमच्या द्राक्षबागेत घुसून रील काढली तर कसं वाटेल? पायवाटेवरच राहा. जूनमध्ये गाई वर चरायला नेतात. वासरू जवळ असलेल्या गाईच्या सेल्फीला जाऊ नका, ती धावून येते.

वाटेवर पिवळ्या पाट्या दिसतील. त्यांवर पुढच्या गावापर्यंत चालायला किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. तो वेळ तिथल्या लोकांच्या पायांचा आहे, आजी बरोबर असतील तर दुप्पट धरा आणि खाली उतरणाऱ्या शेवटच्या केबल कारची वेळ आधी बघून ठेवा.