बोर्ड गेला नव्हता

(ओव्हनची काच, आत दिवा. डिस्प्ले जवळून.)

डिस्प्लेवर २०० अंश. पंखा फिरतोय, एरर कोड नाही. आता आतल्या रॅकवर ठेवलेला हा दुसरा थर्मामीटर बघा. २२७.

गेले काही दिवस या ओव्हनमधून निघणारा प्रत्येक ट्रे कडेनं काळा पडतोय. त्यावर एक इलाज होऊनही गेलाय. कपाटावरच्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना कंट्रोल बोर्ड आहे. ‘बोर्ड गेलाय’ असं सांगून तो काढला, नवा बसवला. ट्रे करपायचे थांबले नाहीत.

(बाजूचं पॅनल उघडतं.)

आज आलेल्या मेकॅनिकनं अजून एकही वायर सोडवलेली नाही. आधी तो चालता ओव्हन बघतोय. क्लॅम्प मीटर हीटरच्या एकेका वायरभोवती. तिन्ही फेजवर करंट सारखा; म्हणजे कॉइल शाबूत आहे, फेजही गेलेला नाही. डिस्प्लेवर २०० झाले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे बोर्डाच्या हुकमानं हीटर चालू-बंद करणारा स्विच, वाजला. खट्. मीटर शून्यावर. तापमान जरा उतरलं, पुन्हा खट्.

हा आवाज नीट ऐका. कॉन्टॅक्टर चिकटला असता, तर करंट वाहतच राहिला असता. इथे बोर्ड सांगेल तेव्हा हीटर बंद होतोय. बोर्ड आपलं काम चोख करतोय. त्याच्यापर्यंत पोचणारा आकडाच चुकीचा आहे.

(सेन्सरचं टोक.)

तो आकडा येतो इथून. पेन्सिलीपेक्षा बारीक स्टीलची नळी, आत दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. हा के टाइप थर्मोकपल. एक तार निकेल आणि क्रोमियमची, दुसरी निकेल आणि ॲल्युमिनियमची. टोक तापलं आणि दुसरी बाजू गार राहिली, की तारांमध्ये व्होल्टेज तयार होतो. सीबेक यांनी हा परिणाम १८२१ मध्ये पाहिला. आजही असंख्य ओव्हन त्याच्यावरच चालतात. व्होल्टेज किती? दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. किलोवॅटचे हीटर चालू-बंद करणारा हुकूम इतक्या नाजूक धाग्यावरून येतो.

आणि हा धागा तापमान सांगत नाही, दोन टोकांमधला फरक सांगतो. म्हणून बोर्डावर टर्मिनलजवळ आणखी एक छोटा सेन्सर असतो. टर्मिनल किती गरम आहे ते तो बघतो, बोर्ड तेवढं त्या फरकात मिळवतो आणि डिस्प्लेवर आकडा येतो.

(मेन स्विचला कुलूप. किल्ली खिशात.)

मेन बंद. सप्लाय नाही याची मीटरनं खात्री. पंख्याच्या ड्राइव्हमधले कपॅसिटर नंतरही काही मिनिटं चार्ज धरून ठेवतात. चित्रात हा थांबा छोटा दिसेल. प्रत्यक्षात तो पूर्ण पाळला आहे.

(किटली. वाफ.)

ओव्हन गार झाल्यावर सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात. बोर्डाकडची बाजू सोडवून मीटरला. ३.१ मिलिव्होल्ट. खोली २५ अंशांवर, पाणी १०० वर. ७५ अंशांच्या फरकाला एवढेच यायला हवेत. सेन्सर ठीक, वायर ठीक, बोर्ड ठीक. तरी ट्रे करपतात.

इथे बहुतेक जण पुन्हा बोर्डाकडे वळतात. हा माणूस टॉर्च उचलतो आणि वायरच्या मागोमाग जातो.

(टॉर्चचा उजेड. इन्सुलेशनची कड. काळी टेप.)

टेपखाली जोड आहे. वायर कधीतरी तुटली आणि हाताशी होती ती वायर कुणीतरी जोडली. जोडापासून बोर्डापर्यंत साधं तांबं.

ओव्हन परत तापवून मोजलं: जोडाजवळ ६५ अंश, बोर्डाच्या टर्मिनलवर ३८. मधला फरक २७. दोन्ही तारा तांब्याच्याच झाल्या, की त्यांच्यात फरकाचा व्होल्टेज तयारच होत नाही. हे २७ अंश वाटेतच हरवतात. बोर्डाला २०० दिसायला आत २२७ व्हावे लागतात. ओव्हन गार असताना जोड आणि बोर्ड सारख्याच तापमानाला, चूक शून्य. म्हणूनच किटलीच्या परीक्षेत ही वायर पास झाली. आधीच्या तपासणीतही तसंच झालं असणार.

(नवी वायर. हिरवी आणि पांढरी.)

नवी वायर त्याच दोन धातूंची, मध्ये जोड नाही. इथे हिरवी प्लस आहे. अमेरिकी रंगांत पिवळी प्लस आणि लाल मायनस, आणि सवयीनं लाल प्लसला लागते. तसं झालं, तर ओव्हन तापतो आणि डिस्प्लेवरचा आकडा उतरत जातो. मग हीटर थांबवायला फक्त सेफ्टी थर्मोस्टॅट उरतो.

(फिल्टर. बोटाला लागलेला तेलकट थर.)

हा बोर्डाच्या कप्प्यातल्या पंख्याचा फिल्टर. आज तक्रार याची नव्हती, पण बोर्ड खरोखर मरतात ते अशानं. फिल्टर तुंबला की कप्पा तापतो, आणि कप्प्यात दर १० अंश वाढले, की बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. फिल्टर धुवायला पाच मिनिटं लागली.

फेकून दिलेले ट्रे, बंद राहिलेले दिवस आणि नव्या बोर्डाचा खर्च सोसून झालेला आहे.

(पुठ्ठ्याचं खोकं खाली येतं.)

मेन पुन्हा बंद, पुन्हा कुलूप. खोक्यातला जुना बोर्ड मेकॅनिक परत त्याच्या जागी बसवतो. अर्धा तास ओव्हन चालू देतो.

डिस्प्लेवर २००. रॅकवर १९९.

(पुढे निवेदन नाही. काचेपलीकडे पहिला ट्रे. काचेसमोर उभा राहिलेला आचारी.)