बारकोडला बेरीज असते, सहीला नसते

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पार्सल हातात देणाऱ्या माणसाकडचं छोटं यंत्र आठवा. त्याने आधी पाकिटावरचा बारकोड टिपला आणि मग त्याच यंत्राच्या काचेवर तुमची सही घेतली. दोन्ही खुणा एकाच यंत्रात गेल्या, म्हणून आत चालणारं कामही एकाच जातीचं असावं, असं वाटतं. ते तसं नाही. बारकोड यंत्राला वाचता यावा म्हणूनच जन्माला आला. सही करताना यंत्राचा विचार कोणी करत नाही. बारकोड चुकीचा वाचला गेला तर बहुतेक वेळा यंत्राला ते तिथल्या तिथे कळतं. सही चुकीची ओळखली गेली तर यंत्राला कळायला मार्गच नसतो. आज बोलायचं आहे ते या फरकाबद्दल.

नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी बारकोडसाठी 1949 मध्ये अर्ज केला आणि 7 ऑक्टोबर 1952 रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. मोर्स संकेतातले टिंब आणि डॅश खाली ओढून लांब केले की बारीक-जाड रेघा होतात, ही मूळ कल्पना. पेटंटात त्याचं एक गोल रूपही आहे: एकात एक वर्तुळं. कोणत्याही बाजूने आडवं कापलं तरी तोच क्रम मिळतो, म्हणजे वस्तू कशी धरली याची फिकीर नाही. त्यांच्या प्रयोगात 500 वॅटचा दिवा होता आणि सिनेमाच्या आवाजपट्टीसाठी वापरत तशी, प्रकाश टिपणारी नळी. दिव्याच्या उष्णतेने कागद धुमसायला लागायचा. कल्पना बरोबर होती, पण हवा तसा प्रकाश नव्हता. तो मिळाला 1960 नंतर, लेसर आल्यावर.

वर्तुळं मात्र टिकली नाहीत, आणि त्याचं कारण छापखान्यात आहे. छपाईत कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई किंचित ओढली जाते. वर्तुळाच्या बाबतीत एका बाजूची कडी जाड होते आणि कोड बिघडतो. उभ्या रेघा त्याच दिशेने छापल्या तर ओढलेली शाई रेघेची लांबी वाढवते, जाडी नाही, आणि माहिती तर जाडीतच असते. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी आखलेला सरळ रेघांचा कोड 1973 मध्ये निवडला गेला आणि 26 जून 1974 रोजी ओहायोमधल्या ट्रॉय गावात दुकानाच्या गल्ल्यावर तो पहिल्यांदा वाचला गेला. रोजच्या वस्तूंवर आज दिसतो तो तेरा अंकी कोड त्याचाच विस्तार.

हा तेरा अंकी कोड जरा जवळून पाहू. रुंदीचं सर्वांत लहान माप म्हणजे मॉड्यूल, ठरलेल्या आकारात 0.33 मिलिमीटर. सुरुवातीची खूण 3 मॉड्यूल, डावे सहा अंक 42, मधली खूण 5, उजवे सहा अंक 42, शेवटची खूण 3. एकूण 95. याशिवाय डावीकडे 11 आणि उजवीकडे 7 मॉड्यूलचा कोरा समास. सगळं मिळून 113 मॉड्यूल, म्हणजे 37.29 मिलिमीटर. समास हा कोडचाच भाग आहे. सजावट करणारे सर्वांत आधी तोच खातात, आणि मग 'स्कॅनर बिघडलाय' अशी तक्रार येते.

सहा अधिक सहा बाराच होतात, मग तेरावा अंक कुठे गेला? प्रत्येक अंक सात मॉड्यूलमध्ये दोन रेघा आणि दोन मोकळ्या जागांनी लिहितात. उजव्या बाजूच्या अंकांत काळ्या मॉड्यूलची संख्या नेहमी सम असते. डावीकडे विषमही चालते आणि समही. डावीकडचे कोणते अंक विषम रूपात आणि कोणते सम रूपात, या क्रमातच पहिला अंक दडवलेला असतो. त्याला स्वतःच्या रेघा नाहीत. डाव्या बाजूचा सुरुवातीचा अंक कायम विषम रूपात असल्याने वस्तू उलटी धरली तरी यंत्राला दिशा कळते.

स्कॅनरला मिलिमीटर दिसत नाहीत. किरण रेघांवरून सरकतो, परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि यंत्राच्या हाती फक्त वेळा लागतात. गोल डब्यावर किंवा तिरप्या धरलेल्या खोक्यावर या वेळा कोडच्या एका टोकाला ताणलेल्या आणि दुसऱ्या टोकाला आक्रसलेल्या असतात. म्हणून यंत्र प्रत्येक अंकाची लांबी स्वतंत्र धरून तिचे सात भाग करतं. तरी शाई पसरण्याचा प्रश्न उरतोच. प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी थोडी फुगली तर रेघ जाड आणि जागा बारीक मोजली जाईल. यावरची युक्ती मला या सगळ्या रचनेत सर्वांत सुंदर वाटते: रेघेची जाडी मोजायचीच नाही. एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. फुगवटा दोन्ही कडांना सारखाच सरकवतो, त्यामुळे हे अंतर बदलत नाही.

या युक्तीत दोन जोड्या अडकतात. डाव्या बाजूचा, विषम रूपातला 1 पाहा: जागा 2, रेघ 2, जागा 2, रेघ 1. आता 7: जागा 1, रेघ 3, जागा 1, रेघ 2. कडेपासून कडेपर्यंतची अंतरं दोन्हींत 4 आणि 4. म्हणजे 1 आणि 7 यांत फरक करता येत नाही. 2 आणि 8 यांचंही तेच, तिथे 3 आणि 3. इथे नाइलाजाने जाडीकडे वळावं लागतं: 1 मध्ये काळे मॉड्यूल तीन, 7 मध्ये पाच. मधली रेषा चारवर. प्रत्येक रेघ अर्ध्या मॉड्यूलने, म्हणजे 0.165 मिलिमीटरने फुगली की 1 हा 7 च्या हद्दीत शिरतो. खरखरीत पुठ्ठ्यावर सरळ छापलेल्या कोडमध्ये हे अशक्य नाही.

तिथे शेवटचा अंक उपयोगी पडतो. समजा पहिले बारा अंक 123456789012 आहेत. डावीकडून एकाआड एक 1 ने आणि 3 ने गुणत जा: 1, 6, 3, 12, 5, 18, 7, 24, 9, 0, 1, 6. बेरीज 92. पुढचा दशक 100, म्हणून तेरावा अंक 8. कोणताही एक अंक चुकला तर बेरीज जुळत नाही, यंत्र गप्प राहतं आणि पुन्हा वाचतं. ही गप्प राहण्याची क्षमता फार मोलाची. मात्र तिलाही भोक आहे: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यातला फरक 5 असला तर बेरीज फसते. 16 ची 1 अधिक 18 म्हणजे 19, 61 ची 6 अधिक 3 म्हणजे 9. एकं स्थानी दोन्हींकडे 9. स्कॅनर सहसा अंकांची अदलाबदल करत नाही. हाताने आकडा टाइप करणारा माणूस करतो.

न वाचल्या जाणाऱ्या लेबलांचा मोठा वाटा प्रिंटरच्या मापात असतो. 203 डीपीआय, म्हणजे इंचाला 203 ठिपके छापणाऱ्या थर्मल प्रिंटरचा एक ठिपका 0.125 मिलिमीटर. 0.33 चा मॉड्यूल म्हणजे 2.64 ठिपके, आणि अर्धामुर्धा ठिपका उमटत नाही. मग सॉफ्टवेअर कुठे दोन ठिपके देतं, कुठे तीन. डोळ्याला कोड झकास दिसतो, स्कॅनरला मात्र प्रत्येक अंक वाकडा. मॉड्यूल पूर्ण ठिपक्यांचाच ठेवा: तीन ठिपके, म्हणजे 0.375 मिलिमीटर, आकार सुमारे 114 टक्के. दोन ठिपके घेतलेत तर 0.25, म्हणजे 76 टक्के, आणि किमान मर्यादा 80 टक्क्यांची आहे. लेबल त्याहून लहान हवं असेल तर जास्त डीपीआयचा प्रिंटर घ्या. कोडचं चित्र माउसने ओढून लहान-मोठं करणं हा तर सरळ गुन्हा आहे. रंगांचंही तसंच. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो. त्या प्रकाशात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच उजळतात, म्हणून लाल रेघांचा कोड यंत्राच्या लेखी कोरा कागद. चकचकीत लेबलावर किरण काटकोनात मारला तर आरशासारखी झळ परत येते. 10-15 अंश कललं की काम होतं.

चौकोनी कोडमध्ये हीच वृत्ती पुढे नेली आहे. क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सोमध्ये मासाहिरो हारा यांच्या गटाने बनवला. तीन कोपऱ्यांतल्या चौकटींतून मधोमध रेघ मारली तर काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा यांचं प्रमाण 1:1:3:1:1 येतं, रेघ कोणत्याही कोनातून मारली तरी. छापील मजकुरात हे प्रमाण क्वचित सापडतं. कॅमेऱ्याच्या चित्रात आधी ते शोधायचं, तीन चौकटींवरून तिरपेपणा काढायचा, जाळी बसवायची, मग प्रत्येक घर काळं की पांढरं ते वाचायचं. सर्वांत लहान कोड 21 बाय 21 घरांचा, सर्वांत मोठा 177 बाय 177 चा.

इथे एका अंकाच्या बेरजेऐवजी 1960 चं रीड-सॉलोमन गणित आहे. ते चूक ओळखतंच, शिवाय दुरुस्तही करतं. सर्वांत लहान कोड, दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी: एकूण 26 बाइट, त्यांतले माहितीचे फक्त 9, उरलेले 17 दुरुस्तीचे. 8 बाइटपर्यंत बिघाड निस्तरता येतो. यालाच '30 टक्के' म्हणतात, आणि इथेच घोटाळा होतो. हे 30 टक्के बाइटांचे आहेत, चित्राच्या क्षेत्रफळाचे नव्हेत. कोपऱ्यातली चौकट फाटली तर हे गणित कामाला येत नाही, कारण तिथपर्यंत पोचायलाच ती चौकट लागते. मधोमध बोधचिन्ह बसवणारे हीच शिल्लक आधीच खर्च करून टाकतात. मग लेबलावर एक ओरखडा पडला की कोड गेला.

आता सही. इथे छापणाऱ्याला सूचना देता येत नाहीत, समास मागता येत नाही, बेरीज घालता येत नाही. एकाच माणसाच्या दोन सह्या कधी जुळत नाहीत. सगळं ओझं वाचणाऱ्यावर.

नुसतं कागदावरचं चित्र तपासणं सर्वांत अवघड, कारण गिरवलेली सही आकाराने बरोबरच असते. शिवाय शिक्का, छापील रेघ, सगळं एकमेकांत मिसळलेलं. टॅब्लेटवर घेतलेल्या सहीत मात्र हालचाल मिळते. सेकंदाला 100 ते 200 वेळा पेनचं आडवं-उभं स्थान, वेळ आणि दाब नोंदला जातो. अडीच सेकंदांची सही 100 च्या दराने 250 बिंदूंची होते. चांगल्या टॅब्लेटवर पेन उचललेलं असतानाची हवेतली वाटही मिळते. देवनागरी सहीत शिरोरेघ आधी ओढली की शेवटी, हे चित्रावरून ओळखणं कठीण, बिंदूंच्या क्रमावरून लगेच कळतं. नक्कल करणारा आकार साधतो, पण हळू जातो आणि वळणावर थबकतो. खरी सही हात न बघता करतो.

तुलना करताना अडचण अशी की आज पहिलं अक्षर लांबतं आणि उद्या शेवटचं. बिंदू क्रमांकाने जोडले तर सगळंच सरकतं. म्हणून एका सहीचे 250 बिंदू आडवे आणि दुसरीचे 250 उभे मांडून 62,500 घरांचा तक्ता करतात. प्रत्येक घरात त्या दोन बिंदूंमधला फरक, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी सर्वांत स्वस्त वाट, म्हणजे फरकांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी, शोधायची. वाटेला कर्णापासून 25 घरांपलीकडे भटकू दिलं नाही तर सुमारे 12,100 घरंच भरावी लागतात. वेळ वाचतोच, आणि भलत्या सहीला ओढूनताणून जुळवण्याची सूटही आवरते. वाक-ताणाची ही पद्धत आधी बोलण्याच्या ओळखीसाठी रुळली. आधीच्या साफसफाईत एक चूक हमखास होते: बिंदू समान अंतरावर पुन्हा मांडले जातात. आकार सुबक होतो, पण वेग पुसला जातो, आणि नक्कल पकडून देणारा वेगच होता. तसं करायचंच असेल तर वेग वेगळा जपून ठेवावा.

दुसरा रस्ता न्यूरल नेटवर्कचा. 1993 मध्ये बेल लॅब्जच्या गटाने एकाच जाळ्याच्या दोन जुळ्या प्रती घेतल्या, प्रत्येकीला एक सही दिली आणि शेवटी निघणाऱ्या आकड्यांच्या दोन यादींमध्ये किती साम्य आहे ते मोजलं. त्यांना घातलेली अट छान आहे: सहीचं सार 80 बाइटांत बसलं पाहिजे, कारण ते कार्डाच्या चुंबकीय पट्टीवर ठेवायचं होतं.

कोणतीही पद्धत घ्या, शेवटी हाती एक आकडा येतो आणि कुठेतरी उंबरठा ठरवावा लागतो. तो कडक केला तर खरे लोक परत जातात, सैल केला तर नकली आत येतात. 2004 मधल्या सह्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही चुका समान होतील असा उंबरठा धरला तेव्हा सर्वांत चांगला निकाल 2.84 टक्के होता. म्हणजे हजार खऱ्या सह्यांमागे सुमारे 28 नाकारल्या आणि हजार सराईत नकलांमागे सुमारे 28 स्वीकारल्या. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत कोणाची खरी सही नव्हती. गोपनीयतेसाठी लोकांनी नवी सही बनवून, सराव करून दिली होती. हातात मुरलेल्या सहीचे आकडे त्याहून वेगळे येऊ शकतात, हे तो 2.84 वाचताना विसरू नये.

सगळ्यांना एकच उंबरठा लावू नये. नोंदणीच्या वेळी पाच सह्या घेतल्या तर त्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा आकडा म्हणजे त्यांचं अंतर; त्या दहा अंतरांची सरासरी काढायची आणि नवी सही त्या सरासरीच्या किती पट दूर आहे ते पाहायचं. मोकळ्या हाताच्या माणसाला त्याच्या हिशेबाने सूट मिळते, काटेकोर माणसाला त्याच्या. पण पाचही सह्या एका दमात, एका मिनिटात घेतल्या तर त्या एकमेकींना फारच जवळ येतात. सरासरी खोटी लहान होते आणि महिन्याने तोच माणूस दारात अडतो. दोन वेगळ्या दिवशी घ्या. बसून घेतलेल्या सह्यांशी उभ्याने, एका हातात यंत्र धरून केलेली सही जुळेल अशी अपेक्षा करू नका. रेघ काचेवर उशिरा उमटत असेल तर सही करणारा तिची वाट पाहत हळू होतो आणि नक्कल करणाऱ्यासारखा दिसू लागतो. बोटाने केलेल्या सहीत दाबाचा भरवशाचा आकडा नसतो आणि टोकही जाड. पार्सलवाल्याच्या यंत्रावरची ती सही पोच म्हणून ठेवावी, ओळख म्हणून तपासायला घेऊ नये.

आणि उंबरठ्याला दुसरी बाजूही हवी. नवी सही जुन्या नोंदीशी बिंदून् बिंदू जुळली, अंतर जवळजवळ शून्य आलं, तर बारकोडच्या बाबतीत आपण खूश झालो असतो. सहीच्या बाबतीत ती नाकारायची. कोणीतरी साठवलेली नोंद चोरून पुन्हा पाठवली आहे.