चेंडू हातात नसतानाचा जेरी राइस

पत्रिकेत विषय छापलाय ‘जेरी राइसचे वीस हंगाम’. जेरी म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला, आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. विसाव्यापर्यंत जायचंच आहे, पण आधी मला विटांबद्दल बोलायचंय. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुरलेल्या प्रत्येकाने ती गोष्ट ऐकलेली असते. मिसिसिपीतलं क्रॉफर्ड नावाचं गाव, वडील गवंडी, उन्हाळ्यात मुलं त्यांच्या हाताखाली. भाऊ विटा फेकायचे, जेरी त्या झेलायचा, आणि म्हणून त्याचे हात असे झाले! गोष्ट खरी आहे, ती त्यानेच सांगितलीय. माझी तक्रार एवढीच, की लोक तिथेच थांबतात.

कारण १९८५ आठवा. इटा बेना गावच्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या कॉलेजातून आलेला मुलगा. पळण्यात फार वेगवान नाही, म्हणून पुष्कळ संघ बिचकले. व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी पंधरा जण निवडले गेले, त्यात अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हरच. आपले प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी पेट्रियट्स संघाबरोबर देवाणघेवाण करून सोळावा क्रमांक मिळवला आणि याला घेतलं. आणि पुढे काय, तर कँडलस्टिकवर, आपल्या घरच्या मैदानावर, याच्या हातून चेंडू सुटायला लागले. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अहो, विटा झेलणारे हात तेच होते ना? मग चेंडू का सुटत होते?

माझं उत्तर असं, की रूट, म्हणजे रिसीव्हरने पळायचा आधी ठरलेला मार्ग, अजून पायांत उतरला नव्हता. वॉल्शच्या पद्धतीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, तीन किंवा पाच पावलं मागे येतो, शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू हातातून जातो. त्या वेळी रिसीव्हर पुष्कळदा पाठमोरा असतो. बारा यार्डांवर वळायचं ठरलं तर बारावरच, अकरावर वळलात तर चेंडू समोरच्या संघाचा. गवई आणि तबलजी जसे समेवर भेटतात, तसं हे भेटणं आहे. शिवाय बाराव्या यार्डापर्यंत प्रत्येक रूट एकसारखा दिसला पाहिजे, नाहीतर बचावपटूला आधीच सुगावा लागतो. डोकं ही मोजदाद करत असताना हात मोकळे राहत नाहीत. डिसेंबरात रॅम्स संघाविरुद्ध सोमवारच्या रात्री त्याने दहा झेलांत २४१ यार्ड काढले. तीन-चार महिन्यांत हात बदलत नाहीत, पाय मात्र शिकले होते.

आणि हे टीव्हीवर दिसतच नाही, याचा मला मनापासून राग येतो. कॅमेरा चेंडूबरोबर जातो. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू झाली, की रिसीव्हर चौकटीबाहेर जातो, आणि पुन्हा दिसतो तो थेट चेंडू झेलताना.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. मागे काउबॉइजच्या जर्सीत दोन पाहुणे बसलेत, त्यांनी निश्चिंत असावं, त्यांच्या संघाला हरवणारा आपला १९८२ चा तो झेल मी आज काढणार नाही. मी सांगतोय २२ जानेवारी १९८९, मायामी, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. सिनसिनाटी १६, आपण १३. स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर चेंडू, म्हणजे जायचंय ९२ यार्ड, आणि हातात साधारण तीन मिनिटं. आपला क्वार्टरबॅक जो मोंटाना छोटे छोटे पास देत संघाला पुढे नेतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, पण एक दंड बसतो आणि दुसऱ्या प्रयत्नात वीस यार्ड हवे असतात. तिथे राइस मैदानाच्या मध्यावर पास घेतो आणि पळत सुटतो. २७ यार्ड! मग आपल्याच रॉजर क्रेगला आठ. उरले दहा.

आता नीट बघा. स्नॅपच्या आधी राइस रेषेमागून आडवा चालत निघतो. सिनसिनाटीचे बचावपटू त्याच्याकडे सरकतात. का नाही सरकणार? दिवसभरात त्याने अकरा झेल, २१५ यार्ड केलेत. खेळी मुळात क्रेगसाठी आहे, पण तो अडकतो. आणि मधल्या मोकळ्या जागेत आपला दुसरा रिसीव्हर जॉन टेलर शिरतो, एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू घेतो, टचडाउन. ३४ सेकंद उरलेले. टेलरचा सामन्यातला हा एकमेव झेल! राइस चेंडूच्या जवळपासही नाही, आणि तरी त्या दहा यार्डांत त्याचा वाटा आहे. सामनावीर तो ठरला २१५ यार्डांमुळे. मी त्याला तो मान या आडव्या चालण्यासाठीही दिला असता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे आता उरलेले सोळा हंगाम पळत.

सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कमधली अडीच मैलांची चढण, क्रेगबरोबर, हंगाम नसतानाच्या महिन्यांत. सरावात झेललेला प्रत्येक चेंडू एंड झोनपर्यंत पळत नेणं. वेग हे ज्याचं मुख्य भांडवल असतं, त्याचं तिशीनंतर अवघड होतं. याचं भांडवल रूट होतं. १९९५ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, १,८४८ यार्ड. १९९७ च्या पहिल्याच सामन्यात टँपात गुडघा गेला, डिसेंबरात परतला, टचडाउन केलं आणि त्याच खेळीत गुडघ्याची वाटी फुटली. पुढच्या हंगामात पुन्हा हजारावर यार्ड. २००१ मध्ये खाडीपलीकडे ओकलंडचा संघ. २००२ च्या हंगामात चाळिशी गाठली, त्या वर्षी ९२ झेल आणि १,२११ यार्ड! २००४ मध्ये सिअ‍ॅटल, २००५ मध्ये डेन्व्हरच्या सराव शिबिरात निवृत्ती. एकूण २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेराल्ड, तोही सतरा हंगाम खेळला, तरी पाच हजारांहून जास्त यार्ड मागे.

रँडी मॉस या नंतरच्या रिसीव्हरचं नाव कोणीतरी काढणार, मला दिसतंय, हात वर आहे. २००७ मध्ये मॉसने एका हंगामात २३ टचडाउन झेलून राइसचा २२ चा विक्रम मोडला, मान्य. पण मॉसचे सोळा सामन्यांत. १९८७ मध्ये खेळाडूंचा संप होता, राइसचे २२ आले बारा सामन्यांत. माझ्या लेखी तो हंगाम अजूनही वर आहे. बोला, तुमचं काय म्हणणं?