प्रेग्नन्सीत "असं होतंच" म्हणून काय सोडून द्यायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही

नमस्कार मंडळी. आज जरा जास्त वेळ बोलणार आहे, तेव्हा पाण्याची बाटली घेऊन बसा, आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर नवऱ्याला, आईला, सासूला पण हाक मारून बसवा, कारण हा व्हिडिओ निम्मा त्यांच्यासाठीच आहे.

गरोदर बाईने काहीही सांगू दे, पाय सुजलेत, झोप नाही, काही खाल्लं की उलटी होते, उत्तर एकच, "अगं, असं होतंच." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण त्यातल्या बऱ्याच त्रासांवर साधासुधा उपाय असतो जो तिला कुणी सांगतच नाही, आणि काही मोजक्या गोष्टी अशा असतात की त्या "होतंच" मध्ये बसतच नाहीत, तिथे गाडी काढून सरळ दवाखाना गाठायचा असतो.

सुरुवात पहिल्या तीन महिन्यांपासून. खरं तर त्याच्याही आधीपासून, कारण फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि बाळाचा विचार सुरू झाला की तेव्हापासूनच. घाई का, तर बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, अपॉइंटमेंट घेऊन डॉक्टरांकडे पोचलात तोवर ते काम बऱ्याचदा उरकलेलं असतं. डायबेटिस असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डोस वेगळा लागू शकतो, तो डॉक्टरच ठरवतील.

आता मळमळ. हिला मॉर्निंग सिकनेस कुणी नाव दिलं देव जाणे, दिवसभर चालते ती! साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास कळस गाठते आणि बहुतेकींची सोळाव्यापर्यंत जाते. रिकाम्या पोटी ती वाढते, म्हणून उशाशी बिस्किटासारखं काहीतरी कोरडं ठेवायचं, डोळे उघडले की पडल्या पडल्या दोन घास खायचे आणि मग पाच-दहा मिनिटांनी उठायचं. तीन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि पाणी जेवताना गटागटा न पिता मधल्या वेळात घोट घोट प्या. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका हां, पोटातल्या ॲसिडने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं, नुसत्या चुळा भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. एवढं करूनही भागलं नाही तर गोळ्या आहेत, डॉक्सिलामाइन आणि बी-६ व्हिटॅमिन असं कॉम्बिनेशन गरोदर बायकांना कित्येक वर्षांपासून दिलं जातंय, त्यामुळे दात ओठ खाऊन सहन करत बसण्यात काही शौर्य नाही, डॉक्टरांकडे मागा. आणि घोटभर पाणीसुद्धा दिवसभर टिकत नाही, लघवी गडद आणि कमी होतेय, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलंय, म्हणजे साठ किलोची बाई सत्तावन्नच्या खाली गेलीय, तर ही साधी मळमळ नाही, सलाईन लागू शकतं.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हेही ऐकायला मिळेल. पहिल्या तिमाहीत जास्तीचं काहीच लागत नाही. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३४० कॅलरी आणि तिसऱ्यात ४५० जास्तीच्या लागतात, म्हणजे एक बऱ्यापैकी नाश्ता, बास. चहा-कॉफी सोडायची गरज नाही पण कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. कच्चं दूध, अर्धवट शिजलेलं मांस, कच्ची अंडी नको. दारू-सिगारेट अजिबात नको, यावर चर्चा नाही.

दुसरी तिमाही तशी बरी जाते. मळमळ गेलेली असते, गर्भाशय वर सरकल्याने सारखं लघवीला पळणं थोडं कमी होतं, आणि अठरा ते बावीस आठवड्यांच्या मधे ती मोठी सोनोग्राफी होते ज्यात बाळाचे अवयव नीट तपासतात. ती चुकवू नका.

पण इथे मला लोहाच्या गोळ्यांवर थांबायचंय, कारण या गोळ्या जितक्या लिहून दिल्या जातात तितक्या पोटात जात नाहीत, ड्रॉवरमधे जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग भराभर वाढतो आणि लाल पेशी मागे राहतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडं खाली येणारच. मात्र ११ च्या खाली गेलं तर तो ॲनिमिया, आणि मग दोन पायऱ्या चढून धाप लागते ती "होतंच" नसते. गोळी घ्यायची ती लिंबू-संत्र्यासारख्या आंबट फळाबरोबर. चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. संडास काळी होते, घाबरू नका. गोळीने बद्धकोष्ठता होते, त्यात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने आतडी आधीच सुस्तावलेली असतात, तेव्हा पाणी, चोथा असलेलं जेवण, रोजचं चालणं, आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घ्या, फरक पडतो. तरीही सोसत नसेल तर गोळी बदलून मागा, दिवसाआड घेता येईल का ते विचारा, पण गुपचूप बंद नका करू.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, चालणं, पोहणं, जे जमेल ते. मोजमाप सोपं आहे, चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता नाही आलं तरी चालेल. रक्त गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं की थांबायचं आणि फोन करायचा. आणि गाडीत सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांवर.

आता शेवटचे तीन महिने, सगळ्यात अवघडलेले. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा, डावी-उजवी कुठलीही. उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं. मधे जाग आली आणि उताण्या दिसलात तर रडत बसू नका, कूस बदला आणि झोपा. गुडघ्यांच्या मधे एक उशी, पोटाखाली एक. नवऱ्याला पलंगावर जागा उरणार नाही, त्याने जुळवून घ्यावं. छातीत जळजळ होते, घशाशी येतं त्यांनी झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवून घ्या आणि उशाकडची बाजू उंच करा. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा.

पाय सुजतात, ते संध्याकाळी, दोन्ही सारखे, आणि पाय वर करून पडलं की उतरत असतील तर चालतं. एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय आणि थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर त्याच क्षणी बीपी बघायला जा, १४०/९० किंवा वर म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या धोकादायक आजाराची शंका. हा आजार वीस आठवड्यांनंतर येतो आणि सुरुवातीला कित्येकदा काहीच जाणवत नाही, म्हणूनच दर व्हिजिटला बीपी आणि लघवी तपासतात, कंटाळा करू नका. तळहात-तळपायांना खाज, पुरळ नाही पण रात्री जास्त, तर क्रीम चोळत बसण्यापेक्षा लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या.

आणि बाळाची हालचाल. पहिलटकरणीला ती साधारण अठरा-वीस आठवड्यांत कळायला लागते, पुढे प्रत्येक बाळाची स्वतःची एक लय बसते, ती तुम्हालाच ओळखता येते. "दिवस भरत आले की जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही" हे साफ चुकीचं आहे. हालचालीचा प्रकार जरा बदलेल, पण ती कमी व्हायला नको. कमी वाटली तर गार पाणी पी, गोड खा, सकाळपर्यंत बघू, असं करायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी जायचं. घरी ठोके ऐकायचं मशीन असतं त्याच्यावरही भरवसा नको, ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असं त्यातून ठरत नाही. आणि तिथे जाऊन सगळं छान निघालं तरी ओशाळायचं कारण नाही, पुढच्या आठवड्यात परत तसंच वाटलं तर परत जा.

पोट कडक होऊन आपोआप सैल पडतं, त्याला काही ठराविक वेळ नसतो, त्या सरावाच्या कळा. बसण्या-उठण्यात बदल केला की ओसरतात. ठराविक अंतराने येऊन वाढत गेल्या की खऱ्या. ३७ आठवड्यांच्या आधी अशा कळा आल्या, पाणी गेलं, किंवा कधीही रक्त गेलं तर घरी थांबून मोजत बसू नका. पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं तरी तसंच, लगेच निघा, आणि फाईल गाडीतच ठेवलेली बरी.